कंपनीचा ईमेल पत्ता बदलला, त्याची सात महिन्यांची गोष्ट

१२ मे २०२५, सोमवार. सकाळी साडेनऊला अकाउंट्सच्या ताई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "शनिवारपासून एकही मेल आलेला नाही. असं कधी होत नाही." मी माझ्या जीमेलवरून कंपनीच्या पत्त्यावर मेल पाठवून पाहिला. तो लगेच परत आला. वेबसाइट उघडली तर आमच्या मशीनच्या फोटोंऐवजी भलत्याच जाहिराती दिसत होत्या. डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या आणि ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, मुदत ९ तारखेला संपली होती आणि आमच्यापैकी कुणालाच त्याची सूचना आलेली नव्हती.

भोसरी एमआयडीसीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. बाबा आणि काका यांची भागीदारी, बावीस माणसं, सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जॉब निघतात. २००९ साली एका गृहस्थांनी आम्हाला वेबसाइट आणि ईमेल करून दिलं. डोमेन त्यांनी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. दर वर्षी ते बिल पाठवायचे आणि आम्ही चेक द्यायचो. डोमेन कागदोपत्री आपलं नाही, हे सोळा वर्षांत आमच्या कधी लक्षातच आलं नाही. मधल्या काळात त्यांनी धंदा बंद केला, नंबर बदलला, आणि मुदतीची सूचना ते आता उघडतही नसलेल्या पत्त्यावर जात राहिली.

त्यांचा ठावठिकाणा लागायला तीन दिवस गेले. ओळखीतून ओळख काढत नवा नंबर मिळाला. माणूस सज्जन, त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्याच दिवशी त्यांनी पुढच्या वर्षाचे पैसे भरले. १५ तारखेला संध्याकाळी मेल सुरू झाले. मेल बंद होते त्या दिवसांत आलेले मेल मात्र गेले ते गेलेच. त्यातली एक चौकशी एका जुन्या गिऱ्हाइकाची होती आणि ते काम दुसरीकडे गेलं, हे नंतर कळलं. बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस ते जेवायच्या सुट्टीतही फोन हातात धरून बसलेले असायचे.

डोमेन आमच्या नावावर करून द्या, असं मी त्या गृहस्थांना म्हटलं. पण खात्याचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता आणि ज्या पत्त्यावर तो परत मिळवायचा तो पत्ताच बंद पडलेला. पैसे भरणं लॉगिनशिवाय जमलं, मालकी बदलणं जमेना. हा तिढा सुटेल तेव्हा सुटेल, पण कंपनीचा मेल दुसऱ्याच्या नावावरच्या डोमेनवर टांगून ठेवायचा नाही, एवढं त्या आठवड्यात ठरलं. तसाही जुना पत्ता फोनवर सांगायला अवघड होता. मध्ये दोन डॅश, आणि दर वेळी समोरचा विचारणार, "वरची रेघ की खालची?"

२ जूनला नवं डोमेन घेतलं. डॉट कॉम मिळालं नाही म्हणून डॉट इन घेतलं. पाच वर्षांचे जीएसटीसह ४,३०० रुपये झाले. इथे पहिल्या वर्षाच्या भावाला भुलू नका. दुसऱ्या वर्षापासून काय घेणार, ते बघून ठरवा. दुसरी गोष्ट मी या अनुभवातूनच शिकले : डोमेनच्या खात्याला जो ईमेल द्यायचा तो त्याच डोमेनवरचा नसावा. उद्या डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेलही तिथेच अडकेल. मी माझा स्वतःचा जीमेल दिला, दुसरा संपर्क म्हणून बाबांचा मोबाइल दिला, आणि लॉगिन एका कागदावर लिहून तो कागद काकांच्या कपाटात फॅक्टरी लायसन्सच्या फाइलला लावला.

मेलबॉक्ससाठी गूगल वर्कस्पेस, म्हणजे गूगलची कंपन्यांसाठीची मेल सेवा, घेतलं. हिंजवडीत काम करणारा माझा मावसभाऊ दोन रविवार येऊन बसला, नाहीतर हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. आधी आमचे अकरा मेलबॉक्स होते. त्याने प्रत्येकाबद्दल विचारलं, हा माणूस आहे की खातं? सेल्स, डिस्पॅच, क्वालिटी, परचेस ही खाती निघाली. त्यांचे ग्रुप केले. ग्रुपला वेगळे पैसे पडत नाहीत आणि आलेला मेल दोघा-तिघांना एकदमच दिसतो. पैसे भरायचे मेलबॉक्स सातच राहिले.

मग आली नोंदींची बाब. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या नोंदवहीत, काही ओळी भराव्या लागतात. एमएक्स म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे ते. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारी सही. आणि डीमार्क म्हणजे ही तपासणी फसली तर समोरच्याने त्या मेलचं काय करावं, ही सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचं केलं आहे, आणि दिवसाला पाच हजारांच्या घरात मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. आम्ही दिवसाला साठ-सत्तर मेल पाठवणारे, पण तिन्ही केलं. डीमार्क आधी नुसतं बघ्याच्या पातळीवर, म्हणजे "नन"वर ठेवलं.

घाई करू नकोस, असं भावाने बजावलं होतं. अगदी नव्या डोमेनवरून आलेला मेल मोठ्या कंपन्यांची फिल्टर संशयाने बघतात, कारण फसवणारे लोक असंच ताजं डोमेन घेतात आणि आठवड्यात टाकून देतात. म्हणून जून महिनाभर नव्या पत्त्यावरून फक्त घरातल्या घरात आणि आमच्या सीएंशी मेल चालवले.

त्या महिन्यात मी एक वही केली. जुना पत्ता कुठे कुठे दिलाय त्याची यादी. आठवून लिहायला बसले तेव्हा वीस नावं झाली. मग मेलबॉक्समध्ये "ओटीपी", "व्हेरिफाय", "पासवर्ड" असे शब्द टाकून मागच्या दीड वर्षाचे मेल चाळले आणि यादी त्रेसष्टवर गेली. जीएसटी, इन्कम टॅक्स, उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), पीएफ, ईएसआयसी, महावितरण, बँक, विमा, आयएसओचं ऑडिट करणारी संस्था, कॅलिब्रेशनची लॅब, गिऱ्हाइकांची सहा व्हेंडर (पुरवठादारांसाठीची) पोर्टल, स्टीलवाल्यांचं पोर्टल, कुरिअर, सीसीटीव्ही, पगारपत्रक पाठवणारं सॉफ्टवेअर. हे काम कुणालाही सांगताना मी पहिलं हेच सांगते : आधी वही, मग बाकी सगळं.

बदलासाठी दिवस निवडला बुधवार, २३ जुलै. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, म्हणजे हातात एक अख्खा दिवस. शिवाय जीएसटीची महिन्याची दोन्ही रिटर्न, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, भरून झालेली. सोमवारी २१ला जुन्या डोमेनच्या नोंदींचा टीटीएल १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. म्हणजे जगभरचे सर्व्हर जुनी नोंद चार तासांऐवजी पाच मिनिटंच धरून ठेवणार. होस्टिंगच्या सीपॅनेलचा, म्हणजे वेबसाइट आणि मेलच्या सेटिंग जिथून बदलतात त्या पानाचा, पासवर्ड त्या गृहस्थांकडे सुदैवाने होता, त्यामुळे मालकी नसली तरी नोंदी बदलता आल्या. वर्कस्पेसमध्ये जुनं डोमेन उपनाव म्हणून जोडलं. म्हणजे कुणी जुन्या पत्त्यावर मेल टाकला तरी तो त्याच माणसाच्या नव्या बॉक्समध्ये येतो. पुन्हा त्याचे वेगळे पैसे नाहीत.

रात्री पावणेनऊला दुसरी पाळी सुरू असताना आम्ही ऑफिसात बसलो होतो. भावाने एमएक्स बदललं आणि म्हणाला, "आता तुझ्या जीमेलवरून टाक." मी जुन्या पत्त्यावर "चाचणी १" असा मेल टाकला. एक मिनिट, दोन मिनिटं, काहीच नाही. बाहेर व्हीएमसीचा टूल बदलल्याचा आवाज आला, पुन्हा शांत. सातव्या मिनिटाला नव्या बॉक्समध्ये "चाचणी १" दिसलं. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि मशीनकडे निघून गेले. जाताना म्हणाले, "जुन्यावर टाकलेलं इथे आलं ना? मग झालं."

गुरुवारचा दिवस जुने मेल हलवण्यात गेला, आणि पुढच्या नऊ रात्रीही. आमच्याकडे सगळे आउटलुकमध्ये पीओपीवर काम करायचे. मेल सर्व्हरवर नसून ज्याच्या त्याच्या संगणकात. अकाउंट्सच्या ताईंची एकटीची फाइल ३४ जीबी होती, त्यात २०११ पासूनची ड्रॉइंग. आउटलुकमधून मेल उचलून नेणारं गूगलचं मोफत साधन आहे, ते रात्री लावून जायचो. त्याआधी प्रत्येक फाइलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली. एका संगणकाची फाइल मध्येच खराब निघाली तेव्हा ती प्रतच कामाला आली.

शुक्रवारी सकाळी पहिली अडचण टॅलीची, आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. बिल मेल होईना. त्यात जुन्या सर्व्हरचं नाव भरलेलं होतं. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, चालू केल्यावर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो भरल्यावर बिलं जाऊ लागली. दुपारी स्कॅनरचं तेच. संध्याकाळी सीसीटीव्हीचं. या तिन्ही गोष्टी वहीत होत्या, पण "पत्ता बदलायचा" एवढंच लिहिलं होतं. त्या मेल पाठवतातही, हे लिहायचं राहिलं होतं. यादी करताना दोन रकाने करा : मेल कुठे येतो, आणि मेल कुठून जातो.

१ ऑगस्टला काका म्हणाले, वेबसाइटवरून आठवडाभर चौकशी नाही. बघितलं तर वेबसाइटचा फॉर्म जुन्या सर्व्हरवर, आणि त्या सर्व्हरला अजून वाटत होतं की या डोमेनचा मेल आपल्याच घरी राहतो. बाहेरचं एमएक्स न बघता तो चौकश्या स्वतःपाशीच ठेवत होता. सीपॅनेलमध्ये ईमेल राउटिंग नावाची जागा आहे, तिथे "लोकल"चं "रिमोट" करायचं असतं. केलं. अडकलेल्या पाच चौकश्या मिळाल्या, पाचही जणांना मी स्वतः फोन केला. जुने मेलबॉक्स लगेच पुसून टाकले असते तर त्याही गेल्या असत्या.

सरकारी पोर्टलं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपी गेली. जीएसटीवर ईमेल बदलणं ही नॉन-कोअर दुरुस्ती, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या पानावर पत्ता बदलायचा, नव्या मेलवर आणि मोबाइलवर वेगवेगळे ओटीपी येतात, ते भरून सही करायची. बाबांचं डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन होतं, अर्ध्या तासात झालं. इन्कम टॅक्सचंही ओटीपीवरच. उद्यममधली दुरुस्ती पूर्ण मोफत आहे. शोधताना पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट आधी वर येतात, तेवढं जपा. पीएफला दोन फेऱ्या झाल्या. हे सगळं जुना पत्ता चालू असतानाच उरकून घ्या. मध्येच एखादं पोर्टल जुन्या मेलवर ओटीपी मागतं, आणि तो बंद असेल तर अर्ज घेऊन त्या ऑफिसात उभं राहावं लागतं.

बँकेला लेटरहेडवर पत्र लागलं, दोन्ही भागीदारांच्या सह्या आणि शिक्का. पहिल्या फेरीत काकांच्या सहीखाली शिक्का नव्हता, परत आले. एकंदर नऊ दिवस लागले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र माणसांना गेला, आणि त्याचा मला आधी अंदाजच नव्हता. २५ जुलैला मी सगळ्या गिऱ्हाइकांना आणि पुरवठादारांना मेल टाकला : आमचा पत्ता बदलला आहे, नोंद घ्यावी. चार दिवसांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून बाबांच्या लँडलाइनवर फोन आला. त्या बाईंची आणि बाबांची दहा-बारा वर्षांची ओळख.

"काका, हा मेल तुम्हीच पाठवलाय ना?"

"हो, पाठवलाय. मुलीने केलंय सगळं."

"मग ठीक. पण आमच्याकडे तुमचं पेमेंट होल्डला टाकलंय. मेल आयडी बदलल्याचा मेल आला की थांबायचं, असा नियमच आहे इथे."

त्यांचं बरोबर होतं. पुरवठादाराच्या नावाने किंचित वेगळ्या पत्त्यावरून मेल करायचा, चार दिवसांनी "आमचं बँक खातं बदललंय" म्हणून नवा खाते क्रमांक पाठवायचा, आणि बिलाचे पैसे लांबवायचे, ही फसवणूक आता सगळ्यांना माहीत आहे. मी कागद घेऊन त्या कंपनीत गेले तेव्हा त्यांच्या अकाउंट्सच्या भिंतीवर सायबर हेल्पलाइनचा १९३० नंबर मोठ्या अक्षरात लावलेला होता. माझा मेल हुबेहूब त्या फसवणुकीच्या पहिल्या मेलसारखा होता. ३ लाख ८० हजारांचं पेमेंट सतरा दिवस थांबलं. त्या महिन्याचा पगार काकांनी एफडी मोडून केला.

तेव्हा मी पद्धत उलटी केली. आधी फोन, तोही त्यांच्याकडे वर्षानुवर्षं असलेल्या आमच्या लँडलाइनवरून. मग लेटरहेडवर छापलेलं पत्र, दोन्ही भागीदारांच्या सहीशिक्क्यानिशी, कुरिअरने. आणि मेल शेवटी, जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर मार्क केलेला. पत्रात एक ओळ ठळक टाकली : "आमचे बँक खाते, जीएसटी क्रमांक, पत्ता व दूरध्वनी यांत कोणताही बदल झालेला नाही. बँक खाते बदलल्याचा मेल आमच्या नावाने आल्यास तो आमचा नाही, कृपया फोन करावा." अशी ४६ पत्रं गेली, कुरिअरचे ३,४०० रुपये झाले. यानंतर एकही पेमेंट अडकलं नाही. हे पत्र मी बदलाच्या पंधरा दिवस आधी पाठवायला हवं होतं.

व्हेंडर पोर्टलांपैकी चार ठिकाणी आपल्याला बदल करता आला. दोन ठिकाणी व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांची मूळ नोंद, त्यांच्याच हातात, त्यासाठी कॅन्सल्ड चेक, पॅनची प्रत आणि विनंतीपत्र परत द्यावं लागलं. एकाला एकवीस दिवस लागले, तोवर त्यांच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डर) जुन्याच पत्त्यावर येत होत्या. उपनाव जोडलेलं होतं म्हणून एकही चुकली नाही.

ऑगस्टच्या शेवटी डीमार्कचे अहवाल वाचले. ते रोज येतात, कच्च्या एक्सएमएल रूपात, पण आमच्यासारख्या लहान कंपनीला महिन्यातून एकदा चाळले तरी पुरतात. त्यात एक अनोळखी सर्व्हर आमच्या नावाने मेल पाठवताना दिसला. छातीत धस्स झालं. मग कळलं, ते पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर. त्याला परवानगी द्यायला मी एसपीएफची दुसरी ओळ घातली आणि दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडून आमचे नेहमीचे मेल परत यायला लागले. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. दोन्ही मजकूर एका ओळीत आणल्यावर तासाभरात सगळं रुळावर आलं. १५ सप्टेंबरला डीमार्क "क्वारंटाइन"वर नेलं, म्हणजे तपासणीत फसलेला मेल समोरच्याने स्पॅममध्ये टाकावा.

कागदांचं आम्ही सावकाश घेतलं. जॉबवर्क चलनाची तीस पुस्तकं छापलेली शिल्लक होती, ती फेकली नाहीत. नव्या पत्त्याचे दोन रबरी शिक्के ७०० रुपयांत करून घेतले आणि प्रत्येक चलनावर जुना पत्ता खोडून शिक्का मारला. १ ऑक्टोबरला खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, त्याआधी गेटवरची पाटी रंगवून घेतली. पेंटरने जुनी ओळ पांढऱ्या रंगाने झाकली तेव्हा बाबा जवळ उभे होते. ती ओळ त्यांनी २००९ मध्ये स्वतः समोर उभं राहून लिहून घेतली होती, डॅश किती लांब काढायचा ते पेंटरला दाखवत. "पहिला मेल कोणाचा आला होता माहितीये?" असं म्हणून त्यांनी एका गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. ते गिऱ्हाईक आजही आहे.

जुन्या डोमेनचा प्रश्न उरला होताच. ते सोडून देणं हा सगळ्यात मोठा धोका. मुदत संपून सुटलं की कुणीही घेऊ शकतं, आणि घेणाऱ्याला आमच्या जुन्या पत्त्यांवर येणारा प्रत्येक मेल मिळणार, वहीत लिहायच्या राहून गेलेल्या एखाद्या पोर्टलचा पासवर्डसुद्धा. त्या गृहस्थांच्या मागे मी दर पंधरवड्याला फोन करून लागले होते. त्यांनी ओळखपत्र आणि जुनी बिलं डोमेन कंपनीला पाठवली, दिवाळीनंतर त्यांचं खातं उघडलं. ४ नोव्हेंबरला त्यांनी डोमेनचं कुलूप काढून मला ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या खात्यात हलवायला लागणारा कोड, दिला, १० तारखेला ते आमच्या खात्यात आलं. मधले दिवस थांबावंच लागतं. हलवण्यात एक वर्ष आपोआप वाढून मिळालं, खर्च १,२५० रुपये. मालकाचं नाव आम्ही आल्यावर बदललं. आधी बदललं असतं तर साठ दिवस ते हलवता आलं नसतं. ते गृहस्थ त्याबद्दल पैसे घ्यायला तयार नव्हते. मी दिवाळीचा फराळ घेऊन त्यांच्या घरी गेले.

जुनं डोमेन आता मे २०२७ पर्यंत भरलेलं आहे, आणि आणखी पाच वर्षं तरी भरत राहायचं ठरलं आहे. नोव्हेंबर महिन्यात जुन्या पत्त्यावर ३१ मेल आले. त्यातले बरेचसे जाहिरातींचे, पण सात खरे, आणि त्या सातांत एक चाकणच्या कंपनीची चौकशी, जिच्याकडे बाबांचं २०१३ चं व्हिजिटिंग कार्ड होतं. वहीतल्या त्रेसष्टपैकी दोन जागा अजून बाकी आहेत, कॅलिब्रेशनची लॅब आणि विमा. विम्याचं जानेवारीत नूतनीकरणाच्या वेळी होईल.